मागच्या सीटवरून

जोडसायकलवर मागे बसणाऱ्याला रस्ता दिसत नाही. ज्याने कधी मागे बसून पाहिलं नाही त्याला हे सांगून पटत नाही. समोर असते ती पुढच्याची पाठ, आणि पाठीच्या डावी-उजवीकडून सरकत जाणारं जग. हातात हँडल असतं, पण ते वळत नाही. ब्रेक नाही, गिअर नाही, काही नाही. पायडल मारायचं आणि बाजूला बघायचं, एवढंच काम. आमच्या गोष्टीतल्या काकूंनी हे काम अर्धं आयुष्य इतक्या आवडीने केलं, की गल्लीत त्यांना कुणी नावाने ओळखेनासंच झालं. त्या मागच्या काकू, आणि त्यांचे यजमान पुढचे काका.

काका जिने बनवायचे. लाकडी जिने, सरळ, वळणाचे, माळ्यावर चढायचे. घराच्या तळमजल्यावर त्यांचा कारखाना होता, आणि तिथे कायम दोन-चार अर्धवट जिने उभे असत, कुठेच न जाणारे. काकू कोपऱ्यावरच्या दुकानात कपडे दुरुस्त करायच्या. कुणाची चेन बसव, कुणाची पँट आखूड कर, कुणाचं पोट वाढलं म्हणून शिवण उसव. सुट्टीच्या दिवशी मात्र दोघं भल्या सकाळी जोडसायकल काढायची आणि तलावाच्या रस्त्याला लागायची.

पुढच्याने बोलायचं, हा त्या सायकलचा नियम. काका ओरडायचे, "खड्डा!" की काकूंनी सीटवरून अंग उचलायचं. "डावं!" म्हटलं की डावीकडे कलायचं. "उतार!" म्हटलं की पाय थांबवायचे. आणि काकूंनी बदल्यात बाजूचं सांगायचं. "अहो, पिवळ्या घराला शिडी लावलीय. रंग काढतायत वाटतं." काका म्हणायचे, "हो का?" पण मान वळवायचे नाहीत. पुढच्याने मान वळवली तर दोघंही आडवी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे त्या रस्त्यावरून शेकडो वेळा जाऊनही काकांनी ते पिवळं घर कधी नीट पाहिलं नव्हतं, आणि काकूंनी तो रस्ता.

काकूंना त्याचं काही वाटत नसे. उलट त्या लांबच लांब उतारावर, पाय थांबलेले, चाकांची बारीक घरघर कानात, काठाकाठाने तलावाचं पाणी सरकतंय, अशा वेळी त्यांना आपण जागे आहोत की झोपेत हेच कळेनासं व्हायचं. कुठे जायचंय याची चिंता पाठीकडे सोपवलेली. जगात इतकं सुख दुसरं नाही, असं त्या म्हणायच्या, आणि मला ते खरं वाटतं.

मग एक दिवस काका "हातगाडी" म्हणाले नाहीत.

गाडी रिकामी होती, रस्त्याच्या बरोबर मधोमध उभी होती, आणि जोडसायकल सरळ तिच्यावर जाऊन आदळली. काकूंचा गुडघा खरचटला, पुढचं मडगार्ड वाकलं, निभावलं एवढ्यावर. काका उठून बसले आणि म्हणाले, "ही कुठून आली मधेच?"

गाडीवाला म्हणाला, "मधेच कुठली? सकाळपासून इथेच उभी आहे."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिवे मारून पाहिलं आणि सांगितलं, की नजरेच्या मधोमध डाग धरतोय. दोन्ही डोळ्यांत. औषधाने वेग कमी होईल, पण मधलं हळूहळू जाणार. कडेचं दिसत राहील. काकांनी विचारलं, "म्हणजे जिना दिसेल, पण पायरी नाही?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साधारण तसंच."

त्या दिवसापासून काका काकूंशी बोलताना त्यांच्या कानाकडे बघायला लागले. कानाकडे पाहिलं की तोंड दिसायचं. लोकांना वाटायचं, यांचं भांडण झालंय. जोडसायकल कारखान्याच्या भिंतीवर दोन खुंट्यांना टांगली गेली, आणि काकूंना सुट्टीच्या सकाळी काय करायचं तेच समजेनासं झालं. दुकानात पँटची शिवण उसवताना त्यांची नजर डावीकडे खिडकीत जायची आणि तिथेच राहायची. एकदा दुपारी डोळा लागला तर स्वप्नात त्या मागच्या सीटवर होत्या, सायकल छान चालली होती, आणि पुढे पाठच नव्हती. पाठ असायची तिथे नुसतं पांढरं धुकं. त्या घामाघूम होऊन उठल्या.

घोडं इथे अडलेलं असताना लेकीचा फोन आला. लेक दूरच्या शहरात एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. लोकांचे गुडघे वळवणं हा तिचा धंदा, त्यामुळे आईबापांनाही वळवता येईल असा तिचा समज होता.

"आई, बाबांना बसवून ठेवू नकोस. पाय गेले की माणूस गेला. मी सगळं बघून ठेवलंय. स्मार्ट ट्रेनर घ्या."

"ते काय असतं?"

"सायकलचं मागचं चाक काढायचं आणि सायकल त्या मशीनवर बसवायची. घरातल्या घरात चालवायची. चढ आला की मशीन आपोआप जड होतं, उतार आला की हलकं. तुमच्या हँडलवरच्या मीटरमध्ये तलावाच्या रस्त्याच्या जुन्या फेऱ्या आहेत ना? त्या मी त्यात भरून देते. घरात बसून, समोरच्या पडद्यावर तोच रस्ता."

"म्हणजे दुधाची तहान ताकावर," काकू म्हणाल्या.

"ताक तरी प्या! दोन उत्तम ट्रेनर आहेत, दोन्ही वरच्या दर्जाचे. दुकानात जाऊन बसून बघा आणि एक ठरवा. आणि ती जोडसायकल आता काढून टाका. बाबांना एकट्याची साधी सायकल लावू या."

काकू लेकीला कसं सांगणार? ते यंत्र घरात आलं की रस्ता संपला, असं त्यांना वाटत होतं. काका खोलीत बसून न दिसणाऱ्या पडद्याकडे तोंड करून पायडल मारत राहतील, आणि आपण खुर्ची घेऊन त्यांच्या पाठीमागे बसू. पण नवऱ्याच्या पायांचा प्रश्न होता. नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं?

सायकलींचं दुकान एका रंगाच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर होतं. नव्या रबराचा वास, मोठ्या काचा, आणि दुपारचं ऊन जमिनीवर पसरलेलं. काका जिना चढताना प्रत्येक पायरीला हात लावत होते. "वरची पायरी बोटभर उंच आहे," त्यांनी गेल्या गेल्या दुकानदाराला सुनावलं. दुकानदार पोटऱ्यांचा तगडा आणि जिभेचा त्याहून तगडा माणूस होता. काका त्याच्या कानाकडे बघत होते म्हणून त्याने आपला कान दोनदा चाचपून पाहिला.

खिडकीजवळ दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी मांडलेली होती, प्रत्येकावर एकेक सायकल चढवलेली. पहिलं काळं, बुटकं, जमिनीला चिकटल्यासारखं. "हा पहाड," दुकानदार म्हणाला. "जागचा हलणार नाही. आवाज तर नाहीच. शेजारी झोपलेलं माणूस उठणार नाही." दुसरं तसंच, पण खाली स्प्रिंगांवर तोललेल्या पाटावर बसवलेलं. "आणि हा डोलतो. डावीकडे-उजवीकडे. खऱ्या सायकलसारखं. ज्यांना शर्यती करायच्यात ते हा नेतात." काकूंनी मनातल्या मनात पहिल्याचं नाव मुका ठेवलं आणि दुसऱ्याचं डुलता.

"काकू, तुम्ही बसून बघा आधी," दुकानदार म्हणाला. "काकांना नीट सांगू शकाल."

काकू मुक्यावर चढल्या. समोर मोठा पडदा होता, त्यावर डोंगरातला एक रस्ता. दुकानदाराने बटण दाबलं आणि रस्ता त्यांच्या अंगावर यायला लागला. काकूंनी पायडल मारायला सुरुवात केली आणि सवयीने मान डावीकडे वळवली. डावीकडे भिंत होती. भिंतीवर हेल्मेटं टांगली होती. काकू ती हेल्मेटं बघत छान पायडल मारत राहिल्या.

"काकू, समोर बघा! चढ आलाय!"

"हो का?" काकू म्हणाल्या.

पायडल जड झालं. आणखी जड झालं. काकूंचा चेहरा लाल झाला, पण त्या वाट बघत राहिल्या. पुढचं कुणीतरी गिअर बदलेल, म्हणजे हलकं होईल. नेहमी होतंच.

"काकू, गिअर! गिअर बदला!"

"कुठला?"

"अहो, उजव्या हाताशी!"

काकूंनी उजव्या हाताकडे पाहिलं. तिथे एक छोटा खटका होता. इतकी वर्षं सायकल चालवून या बाईला गिअर कुठे असतो ते माहीत नव्हतं. काकू थांबल्या. पडद्यावरचा डोंगरही थांबला. दुकानदार आधी हसला, मग त्याला वाटलं हसायला नको होतं, म्हणून त्याने एका सायकलची घंटी पुसायला घेतली. काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी मागे बसते," त्या म्हणाल्या, "मला कशाला हवा गिअर?"

काका बाजूला उभे राहून हे ऐकत होते. त्यांनी काकूंच्या कानाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्यांनी डुलत्याजवळ जाऊन त्याचा पाट दोन्ही हातांनी दाबला, सोडला, परत दाबला. आणि असे प्रश्न विचारायला सुरुवात केली, की दुकानदाराची दांडीच गुल झाली.

"यावर जोडसायकल बसेल?"

"जोडसायकल? मागचा भाग रुंद असतो तिचा. वेगळा जोड लावावा लागेल. बसेल."

"दोघांचं वजन पेलेल?"

"पेलेल, पण..."

"हँडल घट्ट आवळून धरलं तर डोलेल का कमी? की जास्त?"

"घट्ट धरलं तर उलट जास्त झटके बसतात. सैल सोडलं की शांत. पण काका, खरं सांगू? तुमच्या डोळ्यांना हे झेपणार नाही. डोलणारं नको तुम्हाला. तुम्ही पहाड घ्या. विकायला मला दोन्ही सारखेच."

"हाच द्या," काका म्हणाले आणि डुलत्यावर थाप मारली.

परतीच्या बसमध्ये काकू खिडकीशी बसल्या आणि बाजूचं बघत राहिल्या. दुकानं, झाडं, वाळत घातलेल्या चादरी. कितीतरी वेळाने त्या म्हणाल्या, "तो माणूस चांगलं सांगत होता. समोरचं दिसत नाही आणि डोलणारं यंत्र हवं. हौसेला मोल नाही म्हणतात ते उगीच नाही."

"तोल नको का यायला?"

"तोल येऊन खोलीत कुठे जाणार आहात? स्वप्नात?"

"जाईन की," काका म्हणाले. काकूंना राग आला, आणि रागाखाली रडू आलं. दोन्ही त्यांनी खिडकीबाहेर सोडून दिलं.

यंत्र आलं. दोन माणसांनी ते कारखान्यात नेऊन ठेवलं आणि काकूंनी ठरवून टाकलं, की आपण खाली पाऊल टाकायचं नाही. नाहीच टाकलं. पण आवाज वर यायचे. जोडसायकल खुंटीवरून उतरल्याचा आवाज. पान्याचा आवाज. कुठलातरी बोल्ट पडला आणि घरंगळत गेला, मग काका जमिनीवर चाचपडत राहिले, तो आवाज. काकूंचा जीव वरखाली व्हायचा. दोनदा त्या जिन्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. फोनवर लेक बापाला काहीबाही सांगत होती आणि बाप हळू आवाजात हसत होता. हसायला काय झालंय एवढं, काकू मनात म्हणाल्या.

दुपारी त्या पडून राहायच्या. खालून पायडलची हळूच घरघर यायला लागली, मग थांबायची, मग परत. ती उतारावरच्या चाकांसारखीच होती. काकूंचे डोळे मिटायचे, कडेकडेने पाणी सरकायचं, पिवळं घर यायचं, शिडी यायची. पुढे ते धुकं असायचंच. पण एकदा त्या धुक्यातून कुणीतरी म्हणालं, "अगं, खाली ये जरा."

ते स्वप्न नव्हतं. काका जिन्याच्या तळाशी उभे होते.

"कशाला?"

"ये तर."

काकू उतरल्या. कारखान्याचं मोठं दार सताड उघडं होतं आणि संध्याकाळचं ऊन आतपर्यंत आलं होतं. लाकडाचा भुसा त्यात तरंगत होता. अर्धवट जिने भिंतींना टेकून उभे होते, आणि मधोमध, दाराकडे तोंड करून, जोडसायकल. मागचं चाक नाही, त्या जागी डुलता. पडदा कुठेच दिसत नव्हता. मडगार्ड ठोकून सरळ केलेलं होतं.

काकूंनी सायकलभोवती एक फेरी मारली आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. पुढची सीट खाली घेतलेली होती. मागची वर. काका उंच, काकू ठेंगण्या. बिचाऱ्याने इतके दिवस चाचपडत काम केलं, आणि शेवटी चुकलंच.

"अहो," त्या शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाल्या, "सीटा उलट्या बसवल्यात तुम्ही."

"बघ बरं नीट."

"बघितलं की. पुढची माझ्या मापाची झालीय."

"मग बरोबर आहे," काका म्हणाले. त्यांनी मागचं न वळणारं हँडल हाताने शोधलं, तंगडी टाकली आणि मागच्या सीटवर बसले. सायकल डावीकडे डोलली, उजवीकडे डोलली आणि थांबली. "चल. बस पुढे."

काकूंची पाचावर धारण बसली. "मी? मला गिअर माहीत नाही! तुमच्यादेखतच तर फजिती झाली माझी!"

"म्हणूनच हा घेतला. त्या पहाडावर तोल कसा शिकणार तू? पडायचं असेल तर इथे पड. इथे यंत्र धरून ठेवतं. गिअर शीक, ब्रेक शीक, मला घेऊन डोलायला शीक. आणि जमलं, की मागचं चाक परत लावू. दार उघडंच आहे."

काका काकूंच्या कानाकडे बघत होते. मग अगदी साधेपणाने, लाकडाचं माप सांगावं तसं, म्हणाले, "मला मधलं दिसत नाही गं. पण बाजूचं सगळं दिसतं. मागच्याला तेवढंच लागतं ना?"

काकूंनी पदर कमरेला खोचला आणि डोळे पुसले. मग पुढच्या सीटवर चढल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढे पाठ नव्हती. धुकंही नव्हतं. उघडं दार होतं, दारापलीकडे गल्ली होती, आणि गल्लीच्या टोकाला ऊन. हँडल त्यांच्या हातात वळलं, तशा त्या किंचाळल्या.

"सैल धर," मागून काका म्हणाले.

त्यांनी सैल धरलं. पायडल फिरलं. लेकीने भरून दिलेला तलावाचा रस्ता त्या यंत्रातून त्यांच्या पायांत येऊ लागला. आधी सपाट, मग थोडा जड. काकूंनी उजव्या हाताचा खटका दाबला, तो चुकीच्या बाजूला गेला, पायडल दगडासारखं झालं. मागून काका हसले. काकूंनी उलटा दाबला. हलकं झालं. जीव भांड्यात पडला.

हा चढ त्यांना ओळखीचा होता. पोटऱ्यांना ओळखीचा होता. रस्ता त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण वर्षानुवर्षं कानांनी ऐकला होता, पहिल्या हाकेपासून शेवटच्या हाकेपर्यंत. चढ संपत आला, की काय यायचं, हे त्यांच्या तोंडाला त्यांच्याआधी कळलं.

"खड्डा!" काकू ओरडल्या.

मागे काकांनी झटक्यात अंग उचललं. ते वजन उचललं गेल्याचं काकूंना हँडलमध्ये जाणवलं. आपण इतकी वर्षं मागे अंग उचलायचो ते पुढच्याला असं कळत होतं तर.

"डावं!"

दोघं डावीकडे कलली, आणि डुलता त्यांच्याबरोबर डावीकडे कलला. दाराबाहेरचं ऊन कललं.

"उतार!"

पाय थांबले. घरघर राहिली. आता इथे तलाव लागतो. काकूंची मान सवयीने वळायला लागली, आणि त्यांनी ती महत्प्रयासाने सरळ ठेवली. पुढच्याने मान वळवली तर दोघंही आडवी.

"काय दिसतंय बाजूला?" काकांनी विचारलं.

"मला काय विचारता?" काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे समोर होते. "मी पुढे बघतेय. बाजूचं तुम्ही सांगायचं."

मागे काकांनी डावीकडे मान वळवली असावी, कारण सायकल हलकेच डोलली आणि सावरली.

"पिवळं घर आलं," ते म्हणाले. "शिडी अजून लावलेलीच आहे."